मिस्त्रींच्या गाडीचं छत वाजतंय

शिट्टीबाईंनी अख्ख्या शहराला पोहायला शिकवलं, पण स्वतः समुद्रात कधी पाऊल टाकलं नव्हतं. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ द्या. बाईंना मात्र या गोष्टीचा भयंकर राग यायचा. नगरपालिकेच्या तरण तलावावर नोकरी, गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला आणि नाकात कायम त्या पाण्यातल्या औषधाचा वास. पाणी म्हणजे काय, तर चार भिंतींतलं, तेही खालच्या फरशीमुळे निळं दिसणारं. सुट्टी मिळायची ती तलाव धुवायला काढला की, आणि नेमकं तेव्हाच घरात काहीतरी उपटायचं. मुलाची परीक्षा, नणंदेचं बाळंतपण, सासऱ्यांचं ऑपरेशन. निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी बाईंनी शिट्टी खुंटीला टांगली आणि नवऱ्याला बजावलं, "आता मला समुद्रावर न्या. नाहीतर मी एकटी जाईन."

नवरा म्हणाला, "नेतो की. गाडी झाली की निघू."

ही गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. नवऱ्याला सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. आयुष्यभर त्यांनी लिफ्टा दुरुस्त केल्या. एका उंच इमारतीच्या तळघरात, लिफ्टच्या खड्ड्याशेजारी, एक स्पोर्ट्‌स कार वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची. मालक म्हणाला, घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल. मिस्त्रींनी ती ढकलत घरी आणली आणि पुढचे सगळे रविवार तिच्या पोटात डोकं घालून काढले. इंजिन बोलायला लागलं, दिवे लागले, रंगसुद्धा चढला. लालभडक. सूनबाई म्हणाली, "बाबा, या वयात लाल?" तर म्हणाले, "घरात तोच डबा होता."

त्या गाडीची खरी गंमत म्हणजे तिचं छत. डोक्यावरचं अख्खं छत उचलून बाजूला काढता यायचं. पुढे दोन कड्या, मागे दोन बोल्ट, भोवती रबराची जाड पट्टी. कड्या सोडायच्या, एकानं या बाजूनं धरायचं, एकानं त्या बाजूनं, आणि अलगद उचलून डिकीत आडवं करायचं. बस्स, वर मोकळं आभाळ.

आणि त्याच छतानं दावा साधला. गाडी वळली की करकर, खड्डा आला की करकर, नुसतं कोणी रस्त्यानं जोरात शिंकलं तरी करकर. दुसरा कोणी असता तर रेडिओ मोठा लावून निघाला असता. पण मिस्त्री पडले लिफ्टचे माणूस. जे वाजतंय ते दुरुस्त झालेलं नाही, आणि जे दुरुस्त झालेलं नाही त्यात माणूस बसवायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्यांनी हात लावलेली लिफ्ट पुन्हा वाजली असं एकदाही झालं नव्हतं, आणि हे ते कधी बोलून दाखवत नसले तरी त्यांच्या चालण्यात ते दिसायचं.

"अहो, करकरलं म्हणून छत काय डोक्यावर पडणार आहे?" बाई म्हणायच्या.

"वाजतंय म्हणजे कुठंतरी घासतंय. घासतंय ते उद्या तुटतं."

"आणि पावसाळी वारं सुटलं की समुद्रात उतरू देत नाहीत, ते? तुमचं घासणं संपेपर्यंत मी काय घरातल्या बादलीत पोहू?"

गॅरेजच्या समोरच न्हाव्याचं दुकान होतं. न्हावी जिभेनं वस्तऱ्यापेक्षा तेज. रोज सकाळी दुकान उघडता उघडता त्याची आरोळी यायची, "मिस्त्री, छत झोपलं का रडतंय अजून?" मग खुर्चीत फेस लावून बसलेलं गिऱ्हाईकही मान वळवून हसायचं. मिस्त्री हसून पाना हलवायचे. पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि बाईंना ते बरोबर दिसायचं.

आता बाईंचा स्वभाव असा, की वाट बघणं म्हणजे त्यांना शिक्षा. एके दुपारी मिस्त्री रबर आणायला गेले असताना त्यांनी ठरवलं, बघूच काय एवढं आहे त्या छतात. कड्या सोडल्या, बोल्ट सोडले, आणि मिस्त्रींनी पन्नास वेळा सांगितलं होतं की एकट्यानं उचलायचं नाही, म्हणूनच एकटीनं उचललं. उचललं खरं. ठेवलंही. पण ठेवताना कमरेत अशी काही कळ निघाली, की बाई तिथंच गाडीच्या दारावर हात टेकून, एखाद्या फोटोसाठी उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या. न्हाव्यानं समोरून हात केला. बाईंनीही हसून हात केला. डोळ्यांतून पाणी येत होतं.

हे घरात कळलं असतं तर समुद्र संपलाच. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी असायचा, त्याची भीती नव्हती. भीती सुनेची. सून हॉस्पिटलात नर्स, आणि तिच्या तावडीत माणूस सापडला की तो आडवाच. मागे मिस्त्रींचा नुसता पाय मुरगळला तर तिनं त्यांना पलंगावरून हलू दिलं नव्हतं. बिचारे खिडकीतून गाडीकडे बघत बसायचे. तेव्हा बाईंनी अळीमिळी गुपचिळी केलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक हाडांची डॉक्टरीण होती, तिच्याकडे गुपचूप जाऊन आल्या.

डॉक्टरीण म्हणाली, "पाठीच्या मणक्याला ताण बसलाय. पोहायला हरकत नाही."

"अगं बाई, मग झालंच की!"

"बसायला हरकत आहे. विशेषतः बुटक्या गाडीत, लांबच्या प्रवासाला. कडक फळीवर झोपायचं, थोडं थोडं चालायचं, वजन उचलायचं नाही. आणि हा पट्टा."

पट्टा म्हणजे काय, चिलखतच होतं. रुंद, जाड, आत उभ्या कडक पट्ट्या. बाईंनी तो सैल शर्टाच्या आत आवळला आणि घरी आल्या. सून म्हणाली, "आई, आज फारच ताठ चालताय." बाई म्हणाल्या, "मी आयुष्यभर ताठच चालत आले."

इकडे मिस्त्रींनी छताची पाठ सोडली नव्हती. रबर साबणाच्या पाण्यानं पुसून झालं, पावडर चोळून झाली. मग त्यांनी छताच्या कडेला खडू घासला, छत बसवलं, काढलं आणि खडू कुठंकुठं उमटलाय ते पाहिलं. डावीकडे गच्च, उजवीकडे कोरं. बराच वेळ ते डोकं खाजवत बसले. मग एकदम उठले, गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

गॅरेज अरुंद. दार लागावं म्हणून मिस्त्री एक मागचं चाक कायम भिंतीलगतच्या कट्ट्यावर चढवून गाडी लावायचे. इतकी वर्षं लावत होते की ते चाक वर आहे हेच त्यांना दिसेनासं झालं होतं. म्हणजे गाडी जराशी पिळलेली, आणि ते बोल्ट आवळायचे ते त्या पिळलेल्या गाडीवर! रस्त्यावर उतरली की गाडी सरळ व्हायची आणि छत वाकडं राहायचं. करकरणार नाही तर काय!

त्यांनी गाडी सपाट रस्त्यावर काढली, भर न्हाव्यासमोर. बोल्ट ढिले केले, छत आपणहून बसू दिलं आणि एकदा इकडचा, एकदा तिकडचा असे हळूहळू आवळले. एकटेच फेरी मारून आले. येताना चेहरा असा होता की न्हाव्याची आरोळी घशातच राहिली.

"बस," ते बाईंना म्हणाले. "ऐक आता."

बाई बसल्या. म्हणजे आधी उजवा पाय, मग श्वास, मग बाकीच्या बाई. गाडी निघाली. पहिल्याच वळणाला, कुर्रर्र!

मिस्त्रींचा चेहरा उतरला. बाईंचाही उतरला, पण त्यांना अजून कळलं नव्हतं. कळलं ते सिग्नलला. गाडी उभी, इंजिन बंद, वारा नाही, काही नाही. बाईंचा रुमाल खाली पडला म्हणून त्या जरा वाकल्या. कुर्रर्र!

"ऐकलंस?" मिस्त्री म्हणाले. "उभ्या गाडीत!"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. छत नव्हे हो, पट्टा! त्यातल्या त्या कडक पट्ट्या सीटच्या पाठीला घासून रडत होत्या. छत तर गप्प होतं. छत दुरुस्त झालं होतं. वाजत होत्या त्या स्वतः.

"ऐकलं," बाई म्हणाल्या. काय करणार? "केवढं मोठ्यानं वाजतंय ते! तुम्हाला काही जमत नाही बाई."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हं."

तिथून पुढे घरात जो काही तमाशा सुरू झाला त्याला तोड नाही. बाई कात्रीत सापडल्या होत्या. पट्टा आहे म्हणून सांगावं, तर सून पलंगावर बांधून घालणार. न सांगावं, तर वाजणाऱ्या गाडीत मिस्त्री बसवणार नाहीत. पट्टा काढून बसून पाहिलं. बसता आलं. उठता येईना. न्हाव्याच्या दुकानातून सगळे बघतायत, आणि बाई आपल्या डॅशबोर्डवरची एकेक बटणं दाबून "वा, छान, वा" करत बसल्यात! शेवटी भोंगा वाजवून मिस्त्रींना बोलावलं आणि "जरा हात द्या, कधीतरी नवऱ्यासारखे वागा," असं म्हणून बाहेर आल्या.

आणि स्वतःवरचा संशय टाळायला त्यांनी सगळा राग छतावर काढायला सुरुवात केली. जेवताना छत, झोपताना छत. "लिफ्टा कशा चालवल्यात हो तुम्ही? माणसं वर पोचायची तरी का?" न्हाव्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात. न्हाव्याला तर पर्वणीच. "मिस्त्री, छताला औषध द्या, खोकला दिसतोय!" मिस्त्रींच्या पाळ्या लाल व्हायच्या. बाईंना रात्री त्याचं वाईट वाटायचं, खरंच वाटायचं. सकाळी समुद्र आठवला की पुन्हा तोंड सुटायचं.

मग सूनबाईंनी मनावर घेतलं.

"बाबा, आवाज नेमका कुठून येतो ते ऐकायचं ना? थांबा." आणि ती आतून चक्क स्टेथोस्कोप घेऊन आली. "आई, तुम्ही बसा. तुम्ही बसलात तेव्हाच आला होता ना?"

बाईंची पाचावर धारण बसली. पण नाही म्हणायची सोय नव्हती. न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून दारात येऊन उभा होता, ते गिऱ्हाईकही मागोमाग आलं होतं. बाई बसल्या. सून शेजारच्या सीटवर गुडघे टेकून वर वळली. मिस्त्री मागून गाडी हलवायला लागले.

"हलवा, बाबा!"

कुर्रर्र.

"आला!" सून ओरडली. "पुढच्या कडीत नाही. अजून!"

कुर्रर्र.

"रबरातही नाही. खालून येतोय. बाबा, हा आवाज खालून येतोय!"

स्टेथोस्कोपची ती थंडगार टिकली छतावरून खांबावर, खांबावरून दाराच्या कडेला, तिथून सीटच्या पाठीवर सरकली. बाईंच्या खांद्याला लागली. आता दोन बोटं खाली आली असती तर बिंगच फुटलं असतं. बाईंनी डोळे मिटले आणि आयुष्यभर पोरांना जे शिकवलं ते केलं. छातीभर श्वास घेतला आणि धरून ठेवला. शरीराचा एक केस हलू दिला नाही.

"हलवा!"

शांत.

"जोरात हलवा, बाबा!"

शांत. मिस्त्री घामाघूम झाले. न्हावी मदतीला धावला, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक धावलं, तिघं मिळून गाडी झुलवायला लागले. आवाज नाही! सून कान देऊन बसली, बाईंचा चेहरा गाडीच्या रंगाचा होत चालला, आणि न्हाव्यानं टाळी वाजवली. "गेला! मिस्त्री, गेला आवाज!"

"बाईंचा आवाजही गेलेला दिसतोय," गिऱ्हाईक म्हणालं. "काही बोलत नाहीयेत."

कोणी किती धरून ठेवणार? बाईंनी श्वास सोडला. कुर्रर्रर्र! असा लांबलचक, की सगळी गल्ली आधी गप्प झाली आणि मग फुटली. न्हावी पोट धरून पायरीवर बसला. सून हसून हसून स्टिअरिंगवर पडली आणि भोंगा वाजला. बाईसुद्धा हसायला लागल्या, हसल्या की पट्टा वाजायचा, वाजला की सगळे आणखी हसायचे, आणि कमरेतली कळ आणि हसू यांचं असं काही मिश्रण झालं की त्यांना दोन्ही आवरेना.

एकटे मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी कपाळ पुसलं आणि जाहीर केलं, "रबर नीट बसलेलं नाही. त्याला बसायला वेळ लागतो. आठवडाभर जाणं नाही."

"आठवडा?" बाई किंचाळल्या. "अहो, वारं सुटेल!"

"रबर आहे ते. घाई केली तर कायमचं बिघडतं."

आठवडाभर मिस्त्रींनी बाईंना नुसतं राबवलं. गॅरेजात जमिनीवर एक लाकडी फळी टाकली आणि म्हणाले, "यावर आडवी हो, हातात बॅटरी धर आणि छताच्या खालच्या कडेवर उजेड टाक. हलू नकोस." बाई तासन्‌तास त्या फळीवर पडून राहायच्या आणि बडबडायच्या. बॅटरी तरी कशाला हवी होती कोण जाणे, गॅरेजात लख्ख उजेड होता. मधेच हुकूम यायचा, "ऊठ, गाडीभोवती फेऱ्या मार आणि रबर कुठं फुगलंय का बघ." फेऱ्या मारून झाल्या की पुन्हा फळी. छत उचलायची वेळ आली की मात्र न्हाव्याला हाक.

"बायकोला साधं छत धरू देत नाही हा माणूस," बाई न्हाव्याला म्हणाल्या. "विश्वासच नाही."

"तुम्हीच वाजवाल म्हणून भीती असेल," न्हावी म्हणाला, आणि बाईंनी घाईघाईनं बॅटरी छताकडे वळवली.

याच दिवसांत बाईंना तोड सापडली. मिस्त्री रबराला चोळायचे तीच पावडर त्यांनी न्हाणीघरात नेऊन पट्ट्याच्या आतबाहेर भरभरून चोळली. शर्ट झटकला की ढग उडायचा, पण आवाज बंद! आठवड्यानंतर मिस्त्रींनी त्यांना बसवून गल्लीत फेरी मारली. वळण, खड्डा, सिग्नल. चिडीचूप.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "उद्या निघू."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी भर रस्त्यात शिट्टी मारली, नुसत्या तोंडानं, आणि वाहतुकीचा पोलीस दचकून वळला.

सकाळी निघाले. सून निरोप द्यायला दारात, न्हावी दुकानाच्या दारात. "वाजलं तर परत या, मिस्त्री!" गाव मागं पडलं, रस्ता रुंद झाला, लाल गाडी भन्नाट सुटली. छत गप्प, पट्टा गप्प. बाई मात्र अखंड बोलत होत्या. खाऱ्या पाण्यात माणूस आपोआप तरंगतो म्हणे, लाट आली की तिच्या खालून जायचं म्हणे.

थोडं अंतर गेलं न गेलं तोच मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"ऐकलं नाहीस? करकरलं."

बाईंनी काहीच ऐकलं नव्हतं. पण मनात भीती, पावडर झडली की काय! त्या मुकाट उतरल्या. मिस्त्रींनी कड्या चाचपल्या, "जरा फेरी मारून रबर बघ," म्हणाले. बाईंनी फेरी मारली, निघाले. पुढे गेले, पुन्हा थांबले. "करकरलं." पुन्हा उतरणं, पुन्हा फेरी. मग पुन्हा. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढे जात होते, बैलाच्या चालीनं चाललेला एक ट्रॅक्टरसुद्धा त्यांना मागं टाकून गेला.

पेट्रोल पंपावर बाई बायकांच्या खोलीत गेल्या, पट्टा सोडला, हातात घेऊन वाकवला, पिळला, कानाशी नेला. काही नाही. पावडर जागच्या जागी. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पट्ट्याशिवाय आपण वाकलोय, पिळलोय, उभ्या आहोत, आणि कळ आली नाहीये. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी पट्टा पिशवीत कोंबला आणि तशाच गाडीत येऊन बसल्या.

थोडं पुढे गेले. मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली.

"करकरलं," ते म्हणाले.

बाई उतरल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. मिस्त्री समोर बघत होते आणि त्यांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काय करकरलं?"

"छत."

"खोटं. काही करकरलं नाही. छत गप्प आहे, आणि..." बाईंनी जीभ चावली.

"आणि पट्टा पिशवीत आहे," मिस्त्री म्हणाले. "दिसला मला कोपरा."

बाई एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळलं?"

"सिग्नलला. उभ्या गाडीत छत कसं वाजेल? माणूस लिफ्टमध्ये शिरला की कुठली दोरी बोलली ते ओळखायची माझी नोकरी होती. छत गप्प होतं. तू बोलत होतीस."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मला काही झालेलं नाही, आणि हट्टानं त्याच दिवशी निघाली असतीस. सूनबाईला कळलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. मागे माझी पाठ धरली होती तेव्हा ती बसायला आठवडा लागला होता, तुझ्या पाठीलाही तेवढाच लागणार होता. कोणाच्या तरी नावावर घालवायला हवा होता ना तो. छताच्या नावावर घालवला."

"म्हणून ती फळी?"

"हं."

"म्हणून फेऱ्या? आणि आज सकाळपासून हे..."

"दर थोड्या वेळानं उठायला नको का तुला?"

बाईंना आठवलं, आपण काय काय बोललो. लिफ्टा कशा चालवल्यात हो तुम्ही. तुम्हाला काही जमत नाही. भर गल्लीत, न्हाव्यासमोर, त्या अर्ध्या दाढीच्या परक्या माणसासमोर. आणि हा माणूस, ज्यानं हात लावलेली लिफ्ट जन्मात पुन्हा वाजली नाही, तो दुरुस्त झालेल्या छताखाली उभा राहून सगळ्या गावाला हसू देत होता! सांगितलं असतं तर एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. नाही सांगितलं. बाईंना रडू आलं, आणि त्यांना रडू आलं की त्या चिडायच्या.

"फोन द्या," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"द्या म्हणते ना!"

सून घरीच होती. बाई म्हणाल्या, "पोरी, फोन घेऊन समोर न्हाव्याकडे जा. आवाज मोठा कर. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"आई, काय झालं? छत वाजलं का?"

"आधी जा."

मिस्त्रींच्या ध्यानात आलं. "अगं, नको," ते घाईघाईनं म्हणाले. "ती परत बोलावेल. समुद्र राहील. अगं, एवढं जवळ आलोय, गेलं ते गेलं, हसले तर हसले..."

बाईंनी हातानंच त्यांना गप्प केलं. पलीकडून कात्रीचा आवाज आला, न्हाव्याचा आवाज आला. "बोला, बाई! रडलं का छत?"

बाईंनी तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज लावला. "सगळे नीट ऐका! छत माझ्या नवऱ्यानं केव्हाच दुरुस्त केलंय. तुमच्यासमोर बोल्ट आवळले ना, त्या दिवशीच! त्यानंतर ते एकदाही वाजलेलं नाही. वाजत होते ती मी! माझी पाठ धरलीय, मी शर्टाच्या आत पट्टा बांधते, तो वाजत होता, आणि समुद्र हुकेल म्हणून मी तुम्हा सगळ्यांना फसवलं. यांना ठाऊक होतं. तरी हे गप्प बसले. आता पुन्हा मिस्त्रींना हसायचं असेल तर आधी मला हसा, मग बघते एकेकाला!"

पलीकडून सुनेचा आवाज आला, आणि तो चांगलाच चढलेला होता. "आई! पाठ? कुठला मणका? किती दिवस झाले? बाबा, गाडी वळवा, आत्ताच्या आत्ता परत या!"

"येतो," बाई म्हणाल्या. "तू म्हणशील तर येतो. मी भांडणार नाही. पण हे सांगितल्याशिवाय मला त्या पाण्यात उतरता आलं नसतं."

उत्तर आलं ते न्हाव्याकडून, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. "मिस्त्री आहेत का तिथं? मिस्त्री, चुकलो हो."

मिस्त्री विंडशील्डकडे बघत होते. पाळ्याच काय, अख्खा चेहरा लाल झाला होता, आणि त्यांना हसू दाबता येत नव्हतं. "असू दे रे," ते म्हणाले.

"आई," सून शेवटी म्हणाली. तिचा नर्सचा आवाज परत आला होता. "पट्टा कुठाय?"

"पिशवीत."

"आधी घाला. लाटांत शिरायचं नाही, संथ पाण्यात पोहायचं. आणि बाबा, दर थोड्या वेळानं गाडी थांबवून त्यांना उतरवायचं. निमित्त काढायची आता गरज नाही."

फोन बंद झाला. बाईंनी पट्टा बांधला, मिस्त्रींनी त्याची मागची बाजू ओढून नीट केली.

"कशाला सांगायचं होतं?" ते पुटपुटले. "तिनं खरंच परत बोलावलं असतं तर? इतकी वर्षं वाट पाहिलीस त्या समुद्राची."

"बोलावलं असतं तर गेले असते," बाई म्हणाल्या. "समुद्र कुठं पळून जात नाही. पण माझ्या नवऱ्याला छत दुरुस्त करता येत नाही, असं कोणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही."

"तूच म्हणत होतीस."

"म्हणूनच!" बाई ओरडल्या आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. "आता चला की लवकर."

मिस्त्रींनी गाडी सुरू केली.